साइट हॅक झाली की सर्टिफिकेट संपलं? ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ हा इशारा या ऑक्टोबरपासून जास्त का दिसू शकतो

फॉर्म भरायची शेवटची तारीख. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. घाईघाईत लिंक उघडावी तर स्क्रीनवर लाल त्रिकोण आणि खाली एक ओळ: ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’. पुढच्या दहा मिनिटांत ग्रुपवर मेसेज फिरतो, ‘साइट हॅक झालीये, कुणी डिटेल्स टाकू नका’. कार्यालयाला फोन लागलाच तर तिकडून उत्तर येतं, ‘काही नाही हो, अ‍ॅडव्हान्स्डवर क्लिक करा आणि पुढे जा.’

बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी चुकीच्या असतात. साइट हॅक झालेली नसते. आणि तरीही डोळे झाकून पुढे जाणं बरोबर नसतं.

आता हा विषय काढायचं कारण म्हणजे २०२६ चा ऑक्टोबर महिना. या महिन्यात दोन वेगवेगळे बदल जवळजवळ एकाच वेळी येऊन आदळणार आहेत. मोठ्या बँका आणि मोठे अ‍ॅप यांना त्याचा फारसा फरक पडणार नाही. फरक पडेल तो वर्षातून एकदा कुणीतरी आठवणीने ‘रिन्यू’ करतं अशा साइट्सना. म्हणजे लहान कॉलेजं, पतसंस्था, नगरपालिका, हॉस्पिटलं, सोसायट्या आणि गावोगावच्या दुकानांच्या साइट्स.

ऑक्टोबरमध्ये नेमकं काय होणार?

ज्या साइटचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो तिच्याकडे एक डिजिटल सर्टिफिकेट असतं आणि त्याला मुदत असते. ही मुदत जास्तीत जास्त किती असावी, हे सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या मिळून ठरवतात. त्यांच्या व्यासपीठाचं नाव ‘सीए ब्राउझर फोरम’. एप्रिल २०२५ मध्ये या फोरममध्ये अ‍ॅपलने आणलेल्या प्रस्तावावर मतदान झालं. बाजूने २९ मतं पडली, विरोधात एकही नाही, पाच जण तटस्थ राहिले. अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला हे चारही ब्राउझरवाले बाजूने होते.

ठरलं ते असं: तोवर सर्टिफिकेट जास्तीत जास्त ३९८ दिवसांचं, म्हणजे साधारण तेरा महिन्यांचं मिळायचं. १५ मार्च २०२६ पासून ही मर्यादा २०० दिवसांवर आली. १५ मार्च २०२७ ला ती १०० दिवसांवर येईल आणि १५ मार्च २०२९ ला ४७ दिवसांवर.

हा ४७ चा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागचा हिशोब साधा आहे. सगळ्यात मोठा महिना ३१ दिवसांचा, त्यात अर्ध्या महिन्याचे १५ दिवस आणि वर एक दिवस सवलतीचा. थोडक्यात, दर महिन्याला सर्टिफिकेट बदला आणि काही अडलं तर पंधरा दिवस हाताशी ठेवा.

आता १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस मोजले तर तारीख येते १ ऑक्टोबर २०२६. नव्या नियमाखाली काढलेल्या सर्टिफिकेटांची पहिली खेप त्या सुमारास संपायला लागेल. ज्यांना ‘मार्चमध्ये केलंय, आता पुढच्या मार्चमध्ये बघू’ अशी सवय आहे, त्यांची साइट ऐन सणासुदीच्या तोंडावर लाल त्रिकोण दाखवेल. अनेक ठिकाणी देखभालीचा करारच वर्षाचा असतो. वर्षाचे पैसे भरले म्हणजे सर्टिफिकेटही वर्षभर चालेल, हा हिशोब आता जुळत नाही. पैसे वर्षाचे घेतले जाऊ शकतात, पण सर्टिफिकेट मधेच नव्याने काढून सर्व्हरवर बसवावंच लागतं.

दुसरा बदल गूगल क्रोमचा. ऑक्टोबर २०२६ मध्ये येणाऱ्या क्रोमच्या १५४ व्या आवृत्तीपासून एचटीटीपीएस नसलेल्या सार्वजनिक साइटवर पहिल्यांदा जाताना ब्राउझर आधी परवानगी विचारेल, असं गूगलने जाहीर केलं आहे. म्हणजे ज्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे त्यांचं मधेच संपणार आणि ज्यांच्याकडे ते मुळातच नाही त्यांच्या दारातही इशाऱ्याची पाटी लागणार.

हे सर्टिफिकेट म्हणजे काय?

तहसीलमधून मिळणारा उत्पन्नाचा दाखला डोळ्यासमोर आणा. तुम्ही स्वतः सांगितलेलं उत्पन्न कुणी मानत नाही, पण तहसीलदारांच्या सहीचा दाखला काउंटरवर चालतो. कारण काउंटरवरच्या माणसाचा तुमच्यावर नसला तरी त्या सहीवर विश्वास असतो. आणि दाखल्याची मुदत संपली की तोच कागद, त्याच सहीनिशी, परत केला जातो.

साइटचं सर्टिफिकेट असंच चालतं. सही करणारी असते सर्टिफिकेट देणारी अधिकृत संस्था. काउंटरवरचा माणूस म्हणजे तुमचा ब्राउझर. कोणाच्या सह्या मानायच्या, याची यादी ब्राउझरमध्ये किंवा फोनमध्ये आधीच भरलेली असते. साइट उघडताना तो तीन गोष्टी बघतो: सही ओळखीची आहे का, दाखल्यावरचं नाव आणि पत्त्यातलं नाव एकच आहे का आणि तारीख उलटून गेली आहे का. तिन्ही जुळलं तरच पुढचं बोलणं गुप्त लिपीत सुरू होतं, म्हणजे तुमचा पासवर्ड मधल्या वायफायवाल्याला वाचता येत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. उत्पन्नाचा दाखला माणूस सज्जन असल्याचं सांगत नाही, तसंच हे सर्टिफिकेट साइट प्रामाणिक असल्याचं सांगत नाही. साधं सर्टिफिकेट फक्त एवढंच सांगतं की, हा पत्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशीच तुम्ही बोलत आहात. ठगाने बँकेच्या नावाशी मिळताजुळता पत्ता घेतला तर त्यालाही अगदी खरं सर्टिफिकेट मिळतं, तेही फुकट. गूगलने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत कुलपाच्या चिन्हाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला. म्हणूनच सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने डेस्कटॉपवर पत्त्याशेजारचं ते कुलूप काढून टाकलं.

भारतात रिझर्व्ह बँकेने याच कारणासाठी वेगळा मार्ग धरला. बँकांना आपल्या साइट ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा पत्ता कुणालाही विकत मिळत नाही, त्यामुळे तो पाहून जे कळतं ते कुलूप पाहून कधीच कळत नव्हतं.

मग मुदत कमी करायची कशाला?

२०१५ च्या आधी पाच वर्षांचं सर्टिफिकेट मिळत होतं. मग ३९ महिने, २०१८ पासून ८२५ दिवस, २०२० पासून ३९८ दिवस असा हा प्रवास झाला. प्रत्येक वेळी साइट चालवणाऱ्यांनी कुरकुर केली. ती अगदीच बिनबुडाची नव्हती, कारण काम वाढतं ते त्यांचंच. पण दुसरी बाजू जड आहे.

नेदरलँड्समधल्या डिजिनोटार नावाच्या कंपनीची गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. सह्या करण्याचा अधिकार असलेली ही कंपनी २०११ मध्ये हॅक झाली. तिच्या नावाने ५०० हून अधिक बनावट सर्टिफिकेटं निघाली. त्यातलं गूगलच्या नावाचं सर्टिफिकेट वापरून इराणमधल्या जीमेल वापरणाऱ्यांवर पाळत ठेवली गेली. लोकांच्या स्क्रीनवर सगळं व्यवस्थित दिसत होतं, कारण सही खरी होती. त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं.

आपल्याकडेही असं घडलं आहे, पण त्याची चर्चा फार झाली नाही. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या लक्षात आलं की, त्यांच्या काही पत्त्यांसाठी भलतीच सर्टिफिकेटं निघाली आहेत. ती निघाली होती केंद्र सरकारच्या नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर म्हणजे एनआयसीकडून. एनआयसीला हा अधिकार भारताच्या ‘सीसीए’ या सरकारी नियंत्रकाकडून आलेला होता आणि सीसीएची सही मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या यादीत होती. एनआयसीच्या सर्टिफिकेट देण्याच्या प्रक्रियेतच घुसखोरी झाल्याचं सीसीएने कळवलं आणि त्यांचे अधिकार रद्द केले. तेवढ्यावर गूगलचं समाधान झालं नाही. क्रोमने भारताच्या त्या सरकारी सहीचा मान मोजक्या सात पत्त्यांपुरता मर्यादित केला. त्यात सरकारी आणि शैक्षणिक पत्ते, रिझर्व्ह बँक असे काही होते. पुढे २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशी ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा त्यात सीसीएची सही मानण्याची अट घातली होती, ती या पार्श्वभूमीवर. ही स्पर्धा २०२५ मध्ये झोहोने जिंकली.

असं चुकीचं सर्टिफिकेट बाहेर पडलं की ते रद्द करता येतं, पण कागदावर. रद्द झाल्याची खबर जगातल्या प्रत्येक फोनपर्यंत वेळेत पोहोचवणं आजवर कुणालाच नीट जमलेलं नाही. मग सोपा उपाय उरतो: मुदतच इतकी कमी ठेवायची की चोरलेलं सर्टिफिकेट आपोआप निकामी व्हावं. पाच वर्षं चालणारी चोरीची किल्ली आणि ४७ दिवस चालणारी चोरीची किल्ली यात मोठा फरक आहे.

तारीख विसरली तर काय होतं?

६ डिसेंबर २०१८. ब्रिटनमध्ये ओ-टू कंपनीचं मोबाइल इंटरनेट बंद पडलं. तिच्या नेटवर्कवर सुमारे ३ कोटी २० लाख लोक होते. लंडनच्या बसथांब्यांवरचे वेळ दाखवणारे फलकही कोरे झाले, कारण तेही याच नेटवर्कवर चालत. त्याच दिवशी जपानमध्ये सॉफ्टबँकची सेवा कोलमडली. दोघांची यंत्रणा एरिक्सनची होती आणि एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका सर्टिफिकेटची मुदत त्या दिवशी संपली होती.

फेब्रुवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद राहिलं. एप्रिल २०२३ मध्ये स्टारलिंकची सॅटेलाइट सेवा काही तास गेली. जमिनीवरच्या केंद्राचं सर्टिफिकेट संपलं होतं, असं इलॉन मस्क यांनीच सांगितलं. थोडक्यात, ही विसराळूपणाची अडचण गरीब साइट्सचीच नाही.

जानेवारी २०१९ मधलं अमेरिकेचं उदाहरण सरकारी कार्यालयांसाठी जास्त जवळचं आहे. बजेटच्या वादात सरकारी कामकाज ठप्प होतं, कर्मचारी घरी बसवले होते. त्या काळात ८० हून अधिक सरकारी सर्टिफिकेटं नूतनीकरणाविना संपली. काही साइट्सवर इशारा येऊनही पुढे जाता येत होतं, काहींवर तेही नाही, कारण त्यांनी ‘सुरक्षित जोडणीशिवाय आत सोडूच नका’ असं ब्राउझरला आधीच सांगून ठेवलं होतं. सुरक्षेच्या दृष्टीने खरं तर याच साइट्स बरोबर होत्या.

पण सगळ्यात महागात पडलेली मुदत स्क्रीनवर दिसलीच नव्हती. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या क्रेडिट रेकॉर्ड ठेवणाऱ्या कंपनीत २०१७ मध्ये चोर शिरले आणि ७६ दिवस आत होते. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. आत-बाहेर जाणारा डेटा तपासणारं यंत्र कंपनीकडे होतं, पण त्या यंत्राचं सर्टिफिकेट कित्येक महिन्यांपूर्वी संपलेलं होतं, त्यामुळे ते आंधळं झालं होतं. जुलैच्या शेवटी नवं सर्टिफिकेट बसवलं आणि त्याच दिवशी संशयास्पद हालचाल दिसली.

नवं सर्टिफिकेट काढलं, तरी इशारा का जात नाही?

साइट सांभाळणाऱ्यांना सगळ्यात जास्त वैताग देणारा प्रश्न हाच. आणि याची उत्तरं बहुतेक वेळा फार साधी निघतात.

पहिलं उत्तर: फाइल नवी आली, पण सर्व्हरने ती वाचलीच नाही. वेब सर्व्हर सुरू होताना सर्टिफिकेट एकदा मेमरीत घेतो आणि तेच दाखवत राहतो. डिस्कवर नवी फाइल ठेवली तरी सर्व्हरला ‘पुन्हा वाच’ असं सांगेपर्यंत लोकांना जुनंच दिसतं. मोठ्या साइटमागे चार-पाच सर्व्हर असतात. त्यातल्या एकावर जुनं राहिलं तर पाचातल्या एकाला इशारा दिसतो, बाकीच्यांना नाही. मग ‘माझ्याकडे तर उघडतेय’ यावरून भांडणं सुरू.

दुसरं, नावाचा घोळ. सर्टिफिकेट साध्या पत्त्यासाठी काढलं आणि लोक पुढे तीन डब्ल्यू लावून येतात. दोन्ही नावं दाखल्यावर नसतील तर ब्राउझर अडवणारच. नवा विभाग, नवा उपपत्ता सुरू केला आणि तो यादीत घालायचा राहिला, हेही नेहमीचंच.

तिसरं जरा फसवं असतं. सर्टिफिकेटवर सही असते ती थेट मोठ्या साहेबांची नाही, त्यांनी नेमलेल्या मधल्या अधिकाऱ्याची. सर्व्हरने आपल्या सर्टिफिकेटसोबत त्या मधल्या अधिकाऱ्याचाही कागद दाखवायचा असतो. तो जोडायचा राहिला तर काही ब्राउझर तो स्वतः शोधून आणतात आणि साइट उघडते. पण अनेक मोबाइल अ‍ॅप एवढे कष्ट घेत नाहीत. म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सगळं ठीक आणि लोकांच्या फोनवर एरर, असा प्रकार घडतो. तपासणी ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर झाली तर ‘आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही’ हे उत्तर प्रामाणिकपणे दिलं जातं. ते चूक असतं, एवढंच.

आता उपाय म्हणून सगळे ऑटोमेशनकडे बोट दाखवतात आणि ते बरोबर आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था डिसेंबर २०१५ पासून फुकट सर्टिफिकेट देते, ९० दिवसांचं, आणि ते आपोआप नवं करण्याची सोय त्यात आहे. पण ऑटोमेशन एकदा लावून विसरून जाण्याची गोष्ट नाही. पत्ता तुमच्याच ताब्यात आहे का, हे तपासायला संस्थेकडून सर्व्हरवर एक छोटी फाइल मागितली जाते. मधल्या काळात कुणी फायरवॉल बदलली आणि त्या विनंतीची वाटच बंद झाली तर नूतनीकरण गुपचूप फसत राहतं. काहींनी ‘दर ६० दिवसांनी’ असं वेळापत्रक हाताने लिहून ठेवलं आहे. लेट्स एन्क्रिप्ट २०२८ पर्यंत मुदत ४५ दिवसांवर आणणार आहे. मग ६० दिवसांनी उठणारा प्रोग्राम काय कामाचा? शिवाय या संस्थेने मुदत संपत आल्याची आठवण देणारे ईमेल जून २०२५ मध्ये बंद केले. ज्यांची सगळी भिस्त त्या ईमेलवर होती त्यांना आता बाहेरून तारीख तपासणारी दुसरी व्यवस्था लावावी लागेल.

‘तुझ्याकडे उघडते, माझ्याकडे जुनंच दिसतंय’

सर्टिफिकेटखालोखाल गोंधळ घालते ती कॅश. पैशांची नव्हे, साठवणुकीची. प्रत्येक वेळी मूळ सर्व्हरपर्यंत जायला नको म्हणून पानाची प्रत वाटेत ठेवलेली असते: तुमच्या ब्राउझरमध्ये आणि सीडीएन नावाच्या मधल्या नेटवर्कमध्ये. साइटचा पत्ता कुठल्या सर्व्हरकडे नेतो, ती नोंदही काही काळ अशीच साठवलेली असते. निकालाच्या दिवशी लाखो लोक एकाच मिनिटाला येतात तेव्हा साइट उभी राहते ती या प्रतींच्या जोरावर.

गडबड होते ती प्रत किती वेळ जपायची हे चुकीचं लिहिलं तर. एक वाजता निकाल लागला, पण पानाची प्रत बारा वाजता काढलेली आहे आणि तिला दोन तासांची मुदत दिली आहे. मग दोन वाजेपर्यंत काही लोकांना ‘निकाल अद्याप जाहीर झालेला नाही’ हेच दिसणार. त्याहून वाईट म्हणजे सर्व्हर मिनिटभर कोसळला आणि तेवढ्यात एररच्या पानाचीच प्रत साठवली गेली. सर्व्हर उभा राहतो, पण लोकांना एररच दिसत राहते.

उलट बाजूची चूक जास्त गंभीर. २५ डिसेंबर २०१५ ला स्टीम या गेमच्या दुकानावर हल्ला झाला आणि वाढलेला भार सांभाळायला कॅशचे नियम घाईत बदलले गेले. त्या नव्या नियमात एकाच्या खात्याचं पान साठवून दुसऱ्याला दाखवलं जाऊ लागलं. सुमारे ३४ हजार लोकांची माहिती, काहींचा बिलाचा पत्ता, खरेदीची यादी, अनोळखी लोकांच्या स्क्रीनवर गेली. इथे सर्टिफिकेट अगदी ठणठणीत होतं. साइटवर लॉगिन केल्यावर दुसऱ्याचं नाव दिसलं तर ती गंमत समजून स्क्रीनशॉट व्हायरल करण्याऐवजी लॉगआउट करून साइटला कळवणं जास्त गरजेचं असतं.

आणखी एक नमुना: साइट उघडतच नाही आणि ‘खूप जास्त वेळा रीडायरेक्ट केले’ अशी एरर येते. यात बहुतेकदा मधलं नेटवर्क मूळ सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलत असतं. सर्व्हर म्हणतो, सुरक्षित दाराने या. नेटवर्क हा निरोप ब्राउझरला देतं. ब्राउझर सुरक्षित दारानेच आलेला असतो, तो परत येतो, नेटवर्क पुन्हा साध्या दाराने आत जातं. सरकारी कार्यालयात दोन टेबलांमध्ये फाइल फिरावी तसं. फोन बदलून, कुकीज पुसून इथे काही होत नाही. दुरुस्ती साइटवाल्यांनीच करायची असते.

प्रत्येक वेळी हॅकरच असतो का?

१८ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी भारतीय वेळेनुसार ४ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास एक्स, चॅटजीपीटी आणि असंख्य साइट्स एकदम बंद पडायला लागल्या. सायबर हल्ल्याच्या पोस्टचा पाऊस पडला. साइट्स बंद आहेत का हे सांगणारी डाउनडिटेक्टर ही साइटसुद्धा नीट उघडत नव्हती. गंमत म्हणजे ज्या कंपनीत बिघाड होता त्या क्लाउडफ्लेअरच्या इंजिनिअरांनाही आधी मोठा हल्लाच वाटला होता.

प्रत्यक्षात कारण होतं एक फाइल. डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये केलेल्या बदलामुळे बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेची एक फाइल दुप्पट मोठी झाली. ती वाचणाऱ्या प्रोग्रामला एवढ्या मोठ्या फाइलची सवय नव्हती आणि तो कोसळला. रात्री आठपर्यंत बहुतेक वाहतूक सुरळीत झाली. जून २०२१ मध्ये फास्टली कंपनीच्या बाबतीतही असंच झालं होतं: एका ग्राहकाने नियमात बसणारा साधा बदल केला आणि आत लपलेला बग जागा होऊन नेटवर्कचा ८५ टक्के भाग एरर देऊ लागला.

साइट बंद पडली की कॉन्फिगरेशनची चूक हा पहिला संशय असायला हवा आणि हॅकिंग नंतरचा. पण ‘हॅक झाली’ ही पोस्ट शेअर होते, ‘सर्टिफिकेट संपलं’ ही होत नाही.

मग इशारा दिसला तर करायचं काय?

आधी त्या पानावरची छोटी इंग्रजी ओळ वाचा. ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर मुदतीचा प्रश्न आहे. अशा वेळी पहिल्यांदा स्वतःच्या फोनची तारीख बघा. ती मागेपुढे झाली असेल तर सगळ्याच साइट्स ‘संपलेल्या’ दिसतात. ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ म्हणजे नाव जुळत नाही. पत्त्याचं स्पेलिंग नीट तपासा. ‘अथॉरिटी इनव्हॅलिड’ म्हणजे सही ओळखीची नाही. हा इशारा हॉटेल, स्टेशन किंवा कॅफेच्या वायफायवर आला तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडून बघा. डेटावर उघडली तर त्या वायफायवर काही महत्त्वाचं टाकू नका.

इशारा नाही, पण पान जुनं दिसतंय, अशी अडचण असेल तर इन्कॉग्निटो विंडोत उघडा. तिथे नवं दिसलं तर तुमच्या ब्राउझरची कॅश पुसा. तिथेही जुनंच असेल तर वाट बघण्याशिवाय इलाज नाही.

आणि शेवटच्या तारखेचं काय? इथे सल्ला देणं सोपं आहे, तो पाळणं अवघड. मुदत संपलेल्या सर्टिफिकेटच्या साइटवर निकाल किंवा सूचना वाचायला गेलात तर धोका तुलनेने कमी. पण आधार नंबर, बँकेचे तपशील, ओटीपी, पासवर्ड टाकायचा असेल तर नको. कारण ही खरी साइट विसरली आहे की मधे कुणी बसलं आहे, हे तुमच्या स्क्रीनवरून ओळखता येत नाही. पत्ता, इशारा आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मुदत संपायच्या आत तो संस्थेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि पोच जपून ठेवा. मुदतवाढ मागायला तोच कागद उपयोगी पडतो.

यातलं ओझं खरं तर विद्यार्थ्यावर किंवा खातेदारावर यायलाच नको. ‘अ‍ॅडव्हान्स्ड दाबा, पुढे जा’ असं सांगणारं प्रत्येक कार्यालय लोकांना नेमकी तीच सवय लावतं, जी सवय ठगाला हवी असते. सर्टिफिकेट संपल्याचं कळलं की साइटवर फॉर्म घेणं थांबवणं, तास-दोन तासांत नवं बसवणं आणि तेवढी मुदत वाढवून देणं, एवढं संस्थेच्या हातात असतं.

मार्च २०२६ च्या आधी काढलेली सर्टिफिकेटं मात्र जुन्या नियमाने चालू राहतील; त्यातली शेवटची एप्रिल २०२७ पर्यंत. तोवर १०० दिवसांचा नियम लागू झालेला असेल. म्हणजे ज्या साइटला या ऑक्टोबरमध्ये काहीच झालं नाही, तिच्यावर ही वेळ तेव्हा येईल, आणि एकदा आली की वर्षातून किमान चार वेळा. कॉलेज, पतसंस्था किंवा सोसायटीच्या समितीवर असाल तर एजन्सीला आजच दोन गोष्टी विचारता येतील: आपल्या साइटचं सर्टिफिकेट कोणत्या तारखेला संपतं आणि ते आपोआप नवं झालं नाही तर कळवणारा मेसेज कोणाच्या फोनवर येतो.